ताजबीनं प्लग हुंगला

मंगळवार पेठेत करीम शिकलगारांचं मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. कागलपासून मलकापुरापर्यंतचे गाडीवाले करीमभाईंना 'प्लगाचा डॉक्टर' म्हणत. बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनातला, ठिणगी पाडणारा जुना प्लग हातात दिला की करीमभाई तो दोन बोटांत धरून उन्हाला दाखवत, भुवया वर चढवत, "हं" म्हणत आणि "थांबा, आतल्या दिव्याखाली बघून येतो" असं सांगून गोणपाटाच्या पडद्यामागं जात. दोन मिनिटांनी बाहेर येऊन गाडीला काय झालंय ते सांगत आणि कुठल्या नंबरचा नवा प्लग घालायचा तेही सांगत. ते शंभरातनं नव्व्याण्णव वेळा बरोबर निघे.

आत दिवा नव्हता. आत त्यांची बायको ताजबी भाकऱ्या थापत बसलेली असे.

ताजबीचे वडील, दिलदार मिस्त्री, संस्थानच्या मोटारखान्यात कामाला होते. पोर चार वर्षांची असताना तिची आई वारली. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून मिस्त्री तिला रोज कामावर घेऊन जात. इतर मुली भातुकली मांडायच्या त्या वयात ताजबी तारेच्या ब्रशनं प्लग घासत बसायची. मिस्त्री प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडायचे आणि विचारायचे, "सांग बघू ताजू, ह्येला काय झालंय?"

चहात बुडवलेल्या खारीसारखा तांबूस असला तर इंजिन खुशाल. कोरडा काळा, काजळीनं भरलेला असला तर पेट्रोल जादा जातंय. ओला तेलकट असला तर आतल्या रिंगा झिजल्यात. पांढराफटक असला तर इंजिनाला ताप हाय. मिस्त्री म्हणायचे, "वैद्य आधी जीभ बघतो का न्हाय? प्लग म्हंजे इंजनाची जीभ. आणि डोळ्याला शंका आली की नाकाला इचारायचं. डोळा फसतोय, नाक न्हाय."

करीमभाईंचं कसब निराळं. ते बोलण्यात वाकबगार. दगडाला गिऱ्हाईक आणून उभं करतील असा माणूस. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका वकिलाच्या मोटारीला उगाच लांब दांड्याचे प्लग विकले, ते आत जाऊन पिस्टनच्या टाळक्यावर आपटले, आणि वकिलानं नोटीस धाडली. त्या दिवशी ताजबीनं पहिल्यांदा सांगितलं, "इथनं पुढं जुना प्लग मला दावल्याबिगर नवा द्याचा न्हाय." करीमभाईंनी ऐकलं. नाव त्यांचं आणि नाक तिचं, अशी ती भागीदारी सोळा वर्षं चालली.

तिला याचं काही वाटायचं नाही, असं मात्र नाही. बाहेर कोणी "वा करीमभाई, काय नजर हाय!" म्हणालं की आत भाकरी जरा जोरात थापली जाई. करीमभाईंना तो आवाज चांगला कळायचा. मग ते गिऱ्हाइकाशी आणखी मोठ्यानं बोलायचे.

चौऱ्याहत्तर साली रॉकेलची टंचाई आली. पेठेतल्या रेशन दुकानापुढं पहाटेपासून डब्यांची रांग लागायची. बाई नसली तरी चालेल, डबा हवा. डब्यावर खडूनं नाव घालून बायका घरी जायच्या आणि नऊ वाजता येऊन आपापल्या डब्यामागं उभ्या राहायच्या. दहाला दुकानदार फळी बाजूला करून सांगायचा, "आज आलं न्हाय." तीन आठवडे हाच कार्यक्रम चालला होता. ताजबीचा स्टोव्ह फळीवर चढला होता, आणि ती लाकडाच्या भुशाच्या शेगडीवर डोळे चोळत स्वयंपाक करत होती.

रॉकेल कुठं मुरतंय त्यावर लक्ष ठेवायला पेठेची दक्षता समिती होती, आणि तिचे अध्यक्ष होते गणपतराव मंडपवाले. गणपतरावांचा धंदा मंडप, कनाती आणि पेट्रोमॅक्स बत्त्या भाड्यानं देण्याचा. सभांना मंडप घालता घालता त्यांना मंडपात बसायची सवय लागली, बसता बसता ते स्टेजवर चढले, आणि एकदा चढल्यावर त्यांना उतरायला कोणी सांगितलं नाही. त्यांच्याकडं लढाईनंतर मिलिटरीनं लिलावात काढलेली एक डॉज पिकअप होती. सहा सिलिंडरांची, बैलगाडीच्या चाकाएवढ्या स्टेअरिंगची. तिच्या काचेवर लाल अक्षरांत 'दक्षता' असं लिहून घेतल्यापासून नाक्यावर तिला कोणी अडवत नव्हतं.

ही डॉज एका सकाळी खोकत, फटाके उडवत करीमभाईंच्या दारात आली. ड्रायव्हर केरबा खाली उतरला आणि चाकाला टेकून विडी ओढायला लागला. गणपतराव तावातावानं दुकानात शिरले.

"करीमभाई, दुसऱ्या दुकानातनं आणून चार म्हैन्यात तीन डाव प्लग बदललं! तिन्ही डाव काळं ठिक्कर. आता असलं प्लग दे, की ह्यो इषयच मिटला पायजे. मिलिटरीची गाडी हाय, तवा मिलिटरीचंच दे. सगळ्यात मोठं कुठलं हाय?"

"मोठं-बारीक नसतंय अध्यक्षसाहेब. गरम आन् थंड असतंय."

हे ऐकून शेजारचा हॉटेलवाला ज्ञानू गल्ल्यावरून उठून आला. प्लग त्यानं आयुष्यात हातात धरला नव्हता, पण मूळव्याध त्याला होती, त्यामुळं गरम-थंड या विषयावर तो अधिकारानं बोलत असे.

"गाडी म्हातारी हाय. म्हाताऱ्याला उष्ण सोसत न्हाय. थंड घाला."

"खुळा का शाना!" गणपतराव म्हणाले. "म्हाताऱ्यालाच ऊब लागती. गरम घाला."

"मग हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड," ज्ञानूनं तडजोड सुचवली.

"केरबा, तुला काय वाटतंय?" करीमभाईंनी विचारलं.

"मला काय म्हाईत?" केरबा विडीची राख झाडत म्हणाला. "मी फकस्त स्टेरिंग धरतोय."

प्लग निघाले. करीमभाईंनी एक उन्हाला दाखवला, भुवया चढवल्या, "हं" म्हटलं आणि आत गेले.

ताजबीनं हात पुसून प्लग घेतला. वरवर कोरडी काजळी होती. नखानं खरवडलं तर खाली ओलसर. तिनं तो नाकाशी नेला आणि तशीच थांबली. फळीवरच्या स्टोव्हकडं तिची नजर गेली. तिनं दुसऱ्यांदा वास घेतला, नीट, डोळे मिटून.

"प्लगाला काय बी झालं न्हाय," ती म्हणाली. "गाडी रॉकेल पितीया."

करीमभाईंनी पडद्याच्या फटीतनं बाहेर बघितलं. "हळू! अध्यक्ष हाय त्यो."

"अध्यक्षाचं रॉकेल काय अत्तर असतंय व्हय? अर्धं पेट्रोल आन् अर्धं रॉकेल घालत असणार. रांगंत बायका रिकामं डबं घिऊन उभ्या, आन् ह्येंच्या गाडीला दोन टाईम!"

"मग आता काय सांगू त्येला?"

"खरं त्ये सांगा. हाय त्येच्यापेक्षा एक नंबर गरम प्लग द्या, दांडा तेवडाच पण आतलं चिनीमातीचं नाक लांब. त्यो काजळी जाळून टाकील. पण रॉकेल बंद करा म्हणावं, न्हायतर चढाला इंजान ठोके देईल आन् प्लग वितळंल. दोन्ही सांगा. एक सांगून यिऊ नका."

करीमभाई बाहेर आले. तिथं गणपतराव खुर्चीत पसरले होते, आणि पुढच्या महिन्यात पेठेत गाळे निघणार आहेत, त्यातला एक 'आपल्या माणसाला' द्यायचा विचार आहे, असं ज्ञानूला सांगत होते. करीमभाईंच्या जिभेवर दोन वाक्यं होती. त्यातलं एक तिथंच विरघळलं.

"हवामान," ते म्हणाले. "हवामानाचा परिणाम हाय. एक नंबर गरम प्लग घालतो. लांब नाकाचा."

"बघ!" गणपतराव ज्ञानूकडं वळले. "म्हटलं न्हवतं, गरम?"

आत एक भाकरी इतक्या जोरात थापली गेली की तिला मधोमध भोक पडलं.

नवे प्लग घालून डॉज आठ दिवस अशी पळाली, की गणपतराव दोनदा वाट वाकडी करून दुकानावरनं हॉर्न वाजवत गेले. नवव्या दिवशी मलकापुरात मंत्र्यांची सभा होती. मंडपाचं काम अर्थातच गणपतरावांकडं. बांबू, कनाती, सतरंज्या, लोड, तक्के सगळं डॉजवर लादलं आणि गाडी रत्नागिरीच्या रस्त्याला लागली. वाघबीळच्या चढाला इंजिन ठणाठणा ठोके द्यायला लागलं. केरबा म्हणाला, "थांबवू का?" गणपतराव म्हणाले, "रेट." केरबानं रेटली. मग आतनं एक मोठा आवाज आला, आणि डॉज मंत्र्यांच्या मंडपासकट रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

मलकापुरात मंत्र्यांनी भर बारा वाजता उघड्या मैदानात भाषण केलं. विषय होता इंधनाची काटकसर. ते घामानं थबथबले होते. भाषण संपल्यावर त्यांनी गणपतरावांना एकच वाक्य ऐकवलं. ते कोणतं, हे गणपतरावांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण पुढचे चार दिवस त्यांचे कान लाल होते, असं केरबा सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रकला दोरखंडानं बांधून डॉज करीमभाईंच्या दारात ओढून आणली. गणपतराव उडी टाकून उतरले.

"कुठं हाय त्यो डॉक्टर? भाईर काढा त्येला! समद्या पेठेदेखत इचारतो!"

करीमभाईंना नेमकं तेव्हाच उद्यमनगरातलं एक तातडीचं काम आठवलं होतं, आणि ते मागच्या दारानं त्या कामाला गेले होते. दुकानात कोणी नव्हतं. गणपतराव ओरडत होते, ज्ञानूचं गिऱ्हाईक चहाचे कप हातात घेऊन बाहेर आलं होतं, आणि तीस पावलांवर रेशन दुकानापुढची रांग इकडं मान वळवून बघत होती.

ताजबी आत उभी होती. सोळा वर्षांत ती गिऱ्हाइकापुढं एकदाही आली नव्हती. गणपतराव बाहेरून म्हणाले, "असलं भेसळीचं प्लग विकून लोकांला फसवतोय शिकलगार! दुकानाला टाळं लावतो!" भेसळ हा शब्द ऐकला आणि ताजबीचा हात आपोआप पडद्याला गेला.

"प्लग त्यांनी न्हाय दिलं," ती बाहेर येऊन म्हणाली. "मी दिलं."

गणपतरावांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हसले. "भाभी, तुमी आत जावा. बायामाणसाचं काम न्हाय ह्ये. करीमला बोलवा."

"केरबादादा," ताजबी म्हणाली, "प्लग काढा."

केरबानं मालकाकडं बघितलं, ताजबीकडं बघितलं, विडी कानावर ठेवली आणि पान्हा घेतला. सहाही प्लग गल्ल्यावर ओळीनं ठेवले गेले. पाच काळे होते. सहाव्याचं टोक वितळून मेणबत्तीसारखं ओघळलं होतं.

"ह्यो बघा!" गणपतराव गर्दीकडं वळले. "वितळलाय! भेसळ न्हाय तर काय?"

"भेसळच हाय," ताजबी म्हणाली. "कशात हाय त्ये बघू या की." तिनं पाचांतला सर्वांत ओला प्लग उचलला आणि रांगेतनं पुढं सरकलेल्या झुंबरबाईला हाक मारली. झुंबरबाई घरोघर पापड लाटायला जाई. तिचा आवाज पेठेच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू येत असे. "झुंबरबाई, जरा वास घ्या. कशाचा हाय सांगा."

झुंबरबाईनं डबा खाली ठेवला, प्लग नाकाला लावला, आणि तिचे डोळे विस्फारले.

"आगं बया! ह्यो वास तर मी म्हैना झाला इसरूनच गेलतो!"

"कशाचा हाय?"

"रॉकेलचा की गं!"

मग तो प्लग रांगेत गेला. हळदीकुंकवात अत्तरदाणी फिरावी तसा या हातातनं त्या हातात फिरला. चाळीस बायका, चाळीस रिकामे डबे. प्रत्येकीनं वास घेतला, प्रत्येकीनं काचेवरची लाल अक्षरं वाचली, आणि जिला वाचता येत नव्हतं तिनं शेजारणीकडून वाचून घेतली.

"त्ये पेट्रोमॅक्सच्या बत्तीचं रॉकेल हाय," गणपतराव घाईनं म्हणाले. "मागं डबा ठेवलावता. सांडलं असंल."

"मागं सांडलं," झुंबरबाई म्हणाली, "आन् फुडं इंजनात कसं गेलं? चालत?"

"केरबाला इचारा! ह्यो केरबाच टाकीत वतत असणार!"

सगळे केरबाकडं वळले. केरबानं कानावरची विडी काढली, बघितली, परत ठेवली.

"मी फकस्त स्टेरिंग धरतोय," तो म्हणाला. "पिंपातनं टाकीत नळी मालक सोत्ता लावत्यात. मला त्येचा वास सोसत न्हाय."

आता दुसरा कोणी असता तर तिथनं पळाला असता. पण गणपतरावांनी आयुष्यभर सभा बघितल्या होत्या. गर्दी अंगावर यायला लागली की पुढाऱ्यानं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ते डॉजच्या पायरीवर चढले आणि दोन्ही हात वर केले.

"मातांनो आणि भगिनींनो!" त्यांची भाषा एकदम शुद्ध झाली. "रॉकेलचा काळाबाजार आज आपल्या दक्षता समितीनं उघडकीस आणला आहे! गुन्हेगार कितीही मोठा असो, त्याची गय केली जाणार नाही! याची चौकशी करायला मी आत्ता, या ठिकाणी, एक चौकशी समिती नेमतो. तिचं अध्यक्षपद कितीही जड असलं तरी मी स्वतः स्वीकारतो!"

कोणीतरी चुकून टाळी वाजवली.

त्याच दुपारी मंडपाच्या गोदामातनं रॉकेलची दोन पिंपं रेशन दुकानापुढं आली. ती तिथं कशी आली, हे विचारायच्या आत वाटप सुरू झालं, आणि डबा भरत असताना प्रश्न विचारायला कोणाला सवड असते? गणपतरावांनी झुंबरबाईच्या डब्यात नरसाळ्यानं रॉकेल ओतल्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. झुंबरबाईनं तो कापून ठेवला नाही. ताजबीनं त्या संध्याकाळी स्टोव्ह खाली काढला, पिन मारली आणि कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी न येता कालवण केलं. करीमभाई अंधार पडल्यावर उद्यमनगरातलं काम संपवून परत आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले.

चौकशी समितीचा अहवाल महिनाभरानं आला. 'सदर वासाबाबत सदस्यांचे एकमत होऊ शकले नाही' असं त्यात लिहिलं होतं. तरी कोणाचा तरी सत्कार व्हायलाच हवा होता, म्हणून समितीला 'तज्ज्ञ म्हणून सहकार्य' दिल्याबद्दल श्री. करीम शिकलगार यांचा शाल, नारळ देऊन सत्कार करायचं ठरलं. मंडप गणपतरावांचाच. डॉज अजून दुरुस्त व्हायची होती, तेव्हा कनाती हातगाडीवर आल्या.

ताजबी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसली होती. गणपतरावांनी करीमभाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. करीमभाई माईकपुढं आले. हा माणूस माईकशिवाय तासभर बोलू शकत असे. त्या दिवशी त्यांनी खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. मग खाली मान घालून म्हणाले, "मला प्लगातलं काय बी कळत न्हाय. माझी बायको हुंगती. मी फकस्त भाईर यिऊन सांगतो. आन् ह्या डावाला त्ये बी अर्धंच सांगितलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा विनय!" पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर म्हणाले. "एवढा मोठा तज्ज्ञ, पण श्रेय बायकोला देतो!"

ताजबीला हसावं की रडावं कळेना. शेजारी झुंबरबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. सोळा वर्षांनी नवऱ्यानं खरं सांगितलं, तेही माईकवर, आणि ते पुढच्या रांगांतल्या चार माणसांनासुद्धा खरं वाटलं नाही.

घरी आल्यावर करीमभाईंनी शाल तिच्या पुढ्यात ठेवली. "ही तुझी हाय."

"चैत्रात शाल घिऊन काय करू?" ती म्हणाली. "उद्यापास्नं गल्ल्यावर मी बसणार हाय. तुमी गिऱ्हाइकाला बोलवा, बसवा, च्या पाजा. प्लगाचं मी सांगीन. पुरतं सांगीन."

"बरं," करीमभाई म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं तिला दिसलं.

पहिले दोन महिने धंदा बसला. पेठेतल्या कितीतरी प्रतिष्ठित गाड्यांना अचानक प्लग लागेनासे झाले. एक डॉक्टर, एक कंत्राटदार आणि एक कीर्तनकार आपापले प्लग थेट पुण्याहून मागवायला लागले. नाकापुढं उभं राहण्यापेक्षा त्यांना पुणं जवळ वाटलं. पण हळूहळू निराळीच माणसं यायला लागली. जुनी गाडी विकत घेणारी. मुलगी बघायला जाण्याआधी माणूस जशी चौकशी करतो, तशी ती येत आणि बघितलेल्या गाडीचे प्लग फडक्यात बांधून आणत.

मलकापूरचा आकाराम असाच एक दिवस आला. त्याला म्हशींचं दूध शहरात आणायला एक जुनी जीप पिकअप घ्यायची होती. त्यानं रुमाल सोडला. चार प्लग लख्ख चमकत होते.

"पावणं, ह्ये धुतल्यात," ताजबी म्हणाली. "धुतलेल्या प्लगावर मी काय सांगणार? नवरदेव बी मांडवात धुतल्यालाच दिसतोय."

"मग काय करू, भाभी?"

"ह्येच प्लग परत घाला. मालकाला शेजारी बसवा. गाडीवर वझं घाला आन् पन्हाळ्याचा चढ चढवून आणा. वर गेल्यावर गाडी बंद करा, उतारानं खाली आणू नका, प्लगाचा रंग बदलंल. तिथंच प्लग काढा, मालकाला गाडीपाशी बसवा आन् यष्टीनं मला आणून दावा."

आकाराम गेला तो दुपार टळल्यावर परत आला, घामाघूम होऊन. ताजबीनं चारही प्लग हातात घेतले, बघितले, वास घेतला. चहात बुडवलेल्या खारीचा रंग. वास फक्त तापलेल्या लोखंडाचा.

"घ्या गाडी," ती म्हणाली. "इंजान चांगलं हाय. हाय त्येच नंबरचं नवं प्लग देते. गरम नगं, थंड नगं."

आकाराम खुशीत गेला. करीमभाई इतका वेळ बाकड्यावर बसून ऐकत होते.

"धुतल्यालं प्लग बघून मला वाटलं, मालक लबाड हाय," ते म्हणाले.

"मला बी तसंच वाटलंतं," ताजबी म्हणाली. "एखाद्याला असती धुवायची हौस." आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाचा रुमाल सोडायला लागली.